कोरा गुरुवार

"सात दिवसांसाठी तीन किलो भाजणी?" ह्यांनी बॅगेत डोकावत दरडावून विचारलं.

"तिथलं खाणं मानवलं नाही तर थालिपीठ होईल," मी म्हणाले. हॉटेलात कुठलं थालिपीठ! माझं मलाच कळत होतं.

क्योतोत आमची लेक शाल्मली राहते. तिनं जपानी मुलाशी लग्न केल्यापासून सहा वर्षं ह्यांनी घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. देवळं बघायच्या निमित्तानं मीच ही सहल ठरवायला लावली होती.

ह्यांनी आखणीचा कागद पुढे सरकवला. देवळं, बागा, बसचे नंबर, सगळं तासातासानं लिहिलेलं. फक्त गुरुवार कोरा.

"गुरुवारी काय?" मी चाचरत विचारलं.

ह्यांनी माझ्या हातात पेन दिलं. "पत्ता तुझ्याकडे असेलच. लिही."