टर्नटेबलवरची ओढणी

“कामाआधी लाल झेंडी लावा. जो लावंल त्यानंच काढायची, तवर जागा सोडायची न्हाई,” रेल्वेतले फिटर केरबामामा पहिल्याच दिवशी म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. लातूरच्या बंद लोकोशेडमध्ये इंजिन कुठून येणार? आम्ही संग्रहालयासाठी इंजिनं वळवायचं टर्नटेबल घासत होतो. आज पाण्याच्या टँकरचा दिवस, सगळे स्वयंसेवक रांगेत. भंगारच्या ठेकेदारानं तोच मोका साधला. तापलेल्या लेकीचं औषध घेऊन घरी निघाले, तर शेडचं फाटक उघडं. “सरका ताई, हे भंगारात चाललंय,” ठेकेदार म्हणाला. मी लाल ओढणी टर्नटेबलला बांधली. गॅसकटरवाले आजोबा जुने रेल्वेवाले, मागं सरले. “झेंडी हाय, मालक. ताईनं काढल्याबिगर हात लावणार न्हाई.” “कंटाळून जाईल की,” ठेकेदार हसला. मी मांडी घालून बसलेय. दादा, तुम्ही पाणी भरून आमच्या गल्लीकडंच निघालात ना? हे औषध सासूबाईंना द्या, लेकीच्या कपाळाला तेवढा हात लावून बघा.