बंद कारखान्यातील ग्रहण

दिनांक २६ डिसेंबर २०१९, मार्गशीर्ष अमावास्या, सकाळी नवाचा सुमार. स्थळ सोलापूर, भवानी पेठेतील टॉवेलांचा एक लहान कारखाना. सूर्याला ग्रहण लागले होते. माग बंद होते. मालकीण अक्कम्माने दार लावून घेतले होते, खिडक्यांवर जाड चादरी ठोकल्या होत्या आणि गर्भार सून चंद्रिका हिला पश्चिमेच्या भिंतीशी बसवले होते. इतका अंधार घरात होत नसे, म्हणून ग्रहण पाळायला कारखाना.

“आत्या, एक घोट पाणी द्या की. तुमच्या लेकानं मघाशीच उपीट चापलंय.”

“त्याच्या पोटात पोर हाय का? सुटू दे ग्रहण. मागच्या खेपेला ग्रहणात भाजी चिरायला इळी धरलीस, काय झालं बघितलंस की.”

चंद्रिकाचे मागचे मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेले होते. दोन वर्षे हे वाक्य त्या घरात ऐकू येत होते, आणि त्यावर कोणी वाद घातला नव्हता, तिनेही नाही.

तिने मान खाली घातली. तिच्या पोटावर, साडीच्या काठाशी, उजेडाची एक लखलखीत कोर पडली होती. शेजारी दुसरी. गुडघ्यावर तिसरी.

छताचा पत्रा जुना होता. खिळे निखळून त्याला भोके पडली होती. काही चौकोनी, काही नुसती फाटकी. कवडसा भोकाचा आकार घेतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चूक आहे. प्रकाश सरळ रेषेत चालतो. भोक पुरेसे लहान आणि भिंत पुरेशी दूर असली, की तेथे सूर्याचेच चित्र उमटते. त्या फरशीवर रोज पडणारे कवडसे गोल असत, ते सूर्य गोल म्हणून. आज त्याची कोर उरली होती. अंधार जितका दाट तितके हे चित्र स्वच्छ. आणि अंधार अक्कम्माने कसोशीने केला होता.

अक्कम्माने झटकन हात आड धरला. कोर तिच्या तळव्यावर आली. तिने टॉवेल ओढला. कोर टॉवेलावर आली. तिने वर पाहिले. भिंतीवर, मागांवर, टॉवेलांच्या थप्प्यांवर, तिच्या स्वतःच्या खांद्यावर त्याच कोरी होत्या. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला.

“माजा विरुपाक्ष पोटात होता तवा असंच मोठं ग्रहण लागलं होतं,” ती हळू म्हणाली. “मी हितंच बसले होते. ह्याच फुटक्या पत्र्याखाली, चादरीत तोंड खुपसून.”

“मग?”

“मग काय. माज्या पोटावर पण हेच पडलं असणार. मला दिसलं न्हाई, एवढंच.”

ती कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. फुलपात्र भरून तिने सुनेपुढे धरले.

“पी. मागच्या खेपेला तुजं काई चुकलं नव्हतं.”