नोंद सतरा

मुद्देमालाच्या खोलीतलं शेवटचं गाठोडंही टेंपोत चढलं, तरी हवालदार कुंदा शेवाळे रजिस्टरातल्या एका ओळीवर बोट ठेवून उभ्याच होत्या. ‘नोंद सतरा. भैरवनाथाच्या देवळातून चोरलेली पितळी घंटा, जप्त. सन १९६२.’

इंग्रजांच्या काळातलं हे दगडी पोलीस ठाणं आज रिकामं करायचं होतं. कुंदाबाईंनी माळा झाडला, कोठडी धुंडाळली, घोड्यांच्या जुन्या पागेतला पालासुद्धा उपसला. घंटा काही सापडेना.

“बाई, घंटा मिळाली नाही तर चौकशी लागणार तुमच्यामागे,” इन्स्पेक्टर साहेब हळहळले. “तीही रिटायर व्हायला महिना उरलेला असताना.”

कुंदाबाई पायरीवर मटकन बसल्या. तेवढ्यात बारा वाजले आणि पहाऱ्यावरच्या शिपायानं ठाण्याच्या शिरस्त्याप्रमाणे व्हरांड्यातल्या घंटेवर टोल द्यायला सुरुवात केली. गेली सहा वर्षं त्या हे टोल ऐकत होत्या. आज मात्र दहाव्या टोलाला त्या ताडकन उठल्या. “थांब रे!”

दर तपासणीआधी घंटेवर चढवलेले निळ्या रंगाचे थर त्यांनी किल्लीनं खरवडले. खालून पिवळंधमक पितळ निघालं आणि त्यावर कोरलेली अक्षरं: श्री भैरवनाथ प्रसन्न.

साहेबांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे इतकी वर्षं चोरीचा माल आपणच दारात टांगून बडवतोय?”

“तासातासाला हजेरी देत होती बिचारी,” कुंदाबाई डोळे पुसत हसल्या. “आपणच कधी मांडली नाही.”

राहिलेले दोन टोल त्यांनी स्वतः दिले.