सतरावा प्रश्न

विद्यापीठातून फौजदारी न्यायाची पदवी घेऊन लोरीन लेकीसह केंटकीतल्या गावी परतली, तेव्हा त्या पदवीला साजेशी नोकरी देणारं एकच ठिकाण होतं: टेकडीवरचा तुरुंग. अर्जातल्या सतराव्या प्रश्नाशी पेन थांबलं: ‘नात्यातलं कुणी कैदेत आहे? असल्यास कैदी क्रमांक लिहा.’ “नाही लिही,” आई बटाटे सोलत म्हणाली. “तुझ्या भावाचं आडनाव वेगळंय. कोण शोधतंय?” “शोधायचं कसं, हेच तर शिकलेय चार वर्षं.” “मग भर दुकानात पिशव्या, पदवी गळ्यात बांधून!” खरं लिहिलं तर नोकरी हुकणार, हे लोरीनलाही कळत होतं. तिनं ‘नाही’च्या चौकोनावर पेन टेकवलं. तेवढ्यात लेक ओरडली, “मामाला पत्र? नंबर मी सांगते!” दर रविवारी पाकिटावर लिहायचे ते आकडे ती गाण्यासारखे म्हणू लागली. आजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. लोरीननं तो काढला. “सांग बाळा, सावकाश.”