खरं रडणं

दुसऱ्या भागाच्या अकराव्या मिनिटाला म्हाताऱ्या दिग्दर्शकांनी रिमोट उचलला आणि मालिका थांबवली.

पडद्यावर एका चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. मालिकेतला दिग्दर्शक सहा-सात वर्षांच्या मुलीपुढे उकिडवा बसला होता. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, तोंड कानाजवळ नेलं आणि म्हणाला, "तुझी आई गेली गं. गाडीखाली आली." मग मान न वळवता कॅमेरामनला दोन बोटांनी खूण केली. चालू कर.

त्यांनी प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. शब्द तेच होते. बोटंही दोनच.

सदतीस वर्षांपूर्वी त्यांच्या पहिल्या चित्रपटात एक मुलगी दीड मिनिट रडली होती. त्या दीड मिनिटावर त्यांचं नाव झालं, पुढचे नऊ चित्रपट मिळाले. चित्रपट मिळेनासे झाले तेव्हा रविवारच्या पुरवणीत नव्या मालिकांची परीक्षणं लिहायचं काम आलं, तेही त्याच नावावर. एवढ्याशा पोरीकडून इतकं खरं रडणं कसं काढलंत, असं जो तो विचारायचा. "लहान मुलांशी मनापासून बोलावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मनापासून काय बोलले होते ते तिघांनाच ठाऊक होतं. ते स्वतः, कॅमेरामन आणि पत्नी. संकलन पत्नीनेच केलं होतं. ध्वनिफितीवरची ती कुजबुज तिनेच कापली होती.

त्यांनी आधी कॅमेरामनला फोन लावला.

"काय रे, हल्ली कुणाला मुलाखतबिलाखत दिलीस का?"

"मला कोण विचारतंय? मोतीबिंदू काढलाय, डोळ्यात थेंब घालत पडलोय."

"ते आपलं... कानातलं. कुणापाशी बोललास?"

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. "बायकोलासुद्धा नाही. लाज वाटायची मला."

फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य त्यांना खुपत राहिलं. ज्याला लाज वाटते तो कधी ना कधी बोलतोच. पण या गड्याला खोटं बोलायचं असतं तर तो इतका वेळ गप्प बसला नसता.

म्हणजे राहिली एकच.

पत्नी स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ते दारातच उभे राहिले.

"अगं, दोन महिन्यांपूर्वी ती बाई आली होती ना तुझ्याकडे? जुन्या संकलनावर लिहिणारी?"

"हो. कात्री कुठली, टेप कुठली, विचारून गेली."

"आणखी काय विचारलं?"

तिचे हात थांबले. "चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

त्यांनी तिला बाहेर आणलं आणि प्रसंग दाखवला. तिने तो उभ्याउभ्याच पाहिला. हातातली शेंग तशीच होती.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं गिळून बसले, ते आता सांगायला?"

"तोही कानावर हात ठेवतोय, तूही ठेवतेस. मग कोण? तिघांतच तर होतं."

"चौघांत. ती मुलगी होती ना तिथे."

"ती? सहा वर्षांची होती ती! संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा उड्या मारत गेली घरी. तिला काय आठवणार?"

पत्नीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

परीक्षण पाच वाजेपर्यंत द्यायचं होतं. साडेतीन झाले होते. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि टाइप केलं: 'दुसऱ्या भागातला प्रसंग ओढूनताणून आणलेला आहे. सेटवर असं कुणी कधी करत नाही.' वाक्य वाचून पाहिलं. खणखणीत होतं. संपादकांना आवडलं असतं. वाचकांचाही विश्वास बसला असता, कारण सांगणारा माणूस दहा चित्रपटांचा होता.

तरी मनात पाल चुकचुकतच राहिली. पुढच्या भागात आणखी काय काय असेल? वर्तमानपत्राकडून आलेल्या माहितीपत्रकात मालिकेच्या दिग्दर्शिकेचा नंबर होता. नाव अनोळखी, आडनावही. त्यांनी घसा साफ केला आणि नंबर फिरवून आपलं नाव सांगितलं.

"परीक्षण लिहितोय तुमच्या मालिकेचं. एक शंका होती. दुसऱ्या भागातला तो कानात सांगण्याचा प्रसंग, तो तुमच्या लेखकाला कुणी सांगितला?"

"लिहिलाय मीच, काका."

सेटवर त्यांना सगळे सर म्हणायचे. काका म्हणणारी ती एकच पोर होती; तिचं नावही आता त्यांना आठवत नव्हतं.

दोघांनीही फोन ठेवला नाही. स्वयंपाकघरातला मटार सोलल्याचा आवाजही थांबला होता. त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉपवरचं ते खणखणीत वाक्य एकेक अक्षर करून खोडलं. बराच वेळ लागला.

"परीक्षणात जे लिहायचं ते लिहा तुम्ही," ती म्हणाली. "त्यासाठी नाही केली मालिका."

"आई... आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे. शेजारच्या खोलीत झोपलीय." मग ती म्हणाली, "ती झोपली की अजूनही बघते मी. तुमचा फोन यायच्या आधीच बघून आले. श्वास चालू आहे."