मान वळवायची नाही

या, असे अलीकडे सरकून बसा. गोष्ट लहान आहे, एका दाढीची. पण ऐकून उठाल तेव्हा एका माणसाला मनात घेऊन जाल, एवढं कबूल करतो.

उपचाराच्या खोलीत मामा खुर्चीत बसले होते. डोक्याला रबरी पट्टा, पट्ट्याखाली दोन ओले स्पंज, आणि त्यांतून मुंग्या आल्यासारखी बारीक वीज.

"चाळीस वर्षं लोकांची डोकी धरली," मामा म्हणाले. "आता माझं तुमच्या हाती सापडलंय. बिनपाण्यानं करू नका म्हणजे झालं."

"पाणी लावलंय की, मामा," थेरपिस्ट बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाणी सुरू केली.

मामांचं केस कापायचं दुकान. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि त्यांच्यापुरती जगाची डावी बाजू पुसली गेली. डोळे ठणठणीत होते. डावीकडेही काही असतं, हेच मन विसरलं होतं. ताटातलं उजव्या बाजूचं तेवढं संपायचं आणि वर लेकीवर डाफरायचे, "आज वाढताना हात आखडला वाटतं?"

पहिल्या दिवशी बाईंनी मंद बासरी लावली होती. मामा घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी लेकीनं दुकानात वाजायची ती गाणी आणली, ठेक्याची, ज्यांवर मामांची कात्री चालायची. पाय हलायला लागला. विजेनं किती आणि गाण्यानं किती, हे बाई छातीठोक सांगत नव्हत्या. पण कागदावरच्या चांदण्या शोधून खोडायच्या परीक्षेत मामा दर आठवड्याला थोडे डावीकडे सरकत होते. देवानं माणसाला कान दिले ते उगाच नव्हेत.

चांदण्यांवर मामांचं समाधान नव्हतं. "मला चेहरा द्या," ते म्हणाले होते. "कुणी न सांगता दुसरा गाल सापडला, तर दुकानाची किल्ली माझी. नाही सापडला, तर लेकीची, आणि मी पुन्हा वस्तऱ्याला हात लावणार नाही. अर्धी दाढी करणारा म्हणून मला उभं राहायचं नाही."

चेहरा जावयानं दिला. तो शाळेत गणित शिकवायचा. तीन आठवडे त्यानं दाढी वाढवली, पोरांची चेष्टा सोसली.

वीस मिनिटं झाली. बाईंनी पट्टा सोडला, गाणी तशीच चालू ठेवली. वस्तऱ्याला मात्र त्यांनी ठाम नाही म्हटलं आणि साधं रेझर पुढं केलं.

"हे पोरांचं खेळणं," मामा पुटपुटले, पण घेतलं.

जावई समोर बसला. लेकीनं त्याच्या दोन्ही गालांना फेस लावला. बाई हळूच त्याच्या कानाशी वाकल्या. "मान वळवायची नाही. वळवलीत तर गाल त्यांना आयता मिळेल."

मामांच्या उजव्या हाताकडचा गाल बघता बघता लख्ख झाला. काय हात होता! डावा हात मात्र मांडीशी लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. रेझर हनुवटीच्या मध्यावर आलं आणि थांबलं.

"झालं," मामा म्हणाले.

लेकीनं ओठ दाताखाली धरला. जावयाच्या मानेची शीर ताठ झाली. चार बोटं, नुसती चार बोटं मान फिरवली असती, तर सगळं निभावलं असतं. सासऱ्यांनाही कळलं नसतं. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि सरळ समोर बघत राहिला. गाणं दुसऱ्या कडव्याला लागलं.

दाढी झाली की पालथा हात गालावरून फिरवायचा, ही मामांची जुनी खोड. तो फिरला. कानाखालून निघाला, जबड्यावरून घसरला, हनुवटीशी आला. ठेका धरूनच चालला होता तो. ठेका थांबला नाही, हातही थांबला नाही.

बोटांना फेस लागला.

मामांनी बोटांकडं पाहिलं. मग मान डावीकडं वळली, एकेक इंच, गंजलेलं झाकण उघडावं तशी.

"अहो जावईबापू," ते म्हणाले, "हा गाल कुठं दडवून ठेवला होतात?"

"इथंच होता, मामा," जावई म्हणाला.

"हलू नका. कापेल."

आणि तेव्हा, कुणी न सांगता, लोंबणारा तो डावा हात उठला. दोन बोटांनी त्यानं जावयाच्या गालाची कातडी ताणून धरली. लेक भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

गाल झाला, पण डाव्या कडेला, कानाखाली, बोटभर रुंद पुंजका तसाच राहिला. मामा घामानं भिजले होते. पुंजका त्यांना दिसला नाही. "राहिलंय का काही?" त्यांनी विचारलं. बाईंनी खरं तेच सांगितलं.

मामांनी रेझर पुसून लेकीच्या हाती दिलं आणि म्हणाले, "दुकान आज नाही उघडत. पण किल्ली माझ्याकडंच राहील. उद्या किती वाजता यायचं?"

बाहेर लेकीनं नवऱ्यापुढं रेझर धरलं. "घ्या, तेवढं काढून टाका. वर्गात काय म्हणतील?"

"उद्या अपूर्णांकच शिकवायचेत," तो म्हणाला. "आणि हे मी काढायचं नाही. हे मामांचं काम आहे."

तेव्हा बाबांनो, बायांनो, रस्त्यानं कुणी एका कानाखाली केसांचा पुंजका मिरवत चाललेला दिसला, तर हसू नका. त्याच्या सासऱ्यांची आठवण काढा.