दाणा चावायच्या आधी

व्यापाऱ्याची टोपी शेवटी दुर्गाबाईच्याच डोक्यावर आली. बचतगटाच्या बायका स्वतःच एक फिल्म काढत होत्या, आपला माल आपण कसा विकायचा याची. शेतकरीण व्हायला सगळ्या तयार, व्यापारी व्हायला कोणी नाही. दुर्गाबाई हिरमुसली. यंदाची तूर मीच विकणार, असं तिनं घरात ठणकावलं होतं. नवरा सर्जेराव हसून हो म्हणाला होता, पण फसलीस तर पुन्हा विक्रीचं नाव काढायचं नाही, या अटीवर. तिला विकायचं शिकायचं होतं आणि पदरात पडली ही टोपी.

पण अंगावर घेतलेलं काम ती नेटानं करायची. तिनं गावच्या तातेराव व्यापाऱ्याची हुबेहूब नक्कल केली. पोत्यात हात घातला, तुरीचा दाणा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “ओल हाय. क्विंटलामागं दोन किलो कटती लागंल, तेवढ्याचं पैसं न्हाई.” बायका हसून हसून बेजार झाल्या.

बदनापूरहून शिकवायला आलेल्या कौसल्याताईंनी ते चित्रण समाजमंदिरातल्या टीव्हीवर लावलं. पुन्हा हशा पिकला. दुर्गाबाई मात्र टीव्हीजवळ सरकली. तोंड वाकडं केल्याचा तुकडा तिनं तीनदा मागं घ्यायला लावला.

“मी तर दाणा चावायच्या आधीच तोंड वाकडं केलंय,” ती म्हणाली.

चुकलं असेल तर पुन्हा घेऊ, असं ताई म्हणाल्या.

“चुकलं न्हाई. तातेराव बी असंच करतेत. सात वर्सं बघत आले मी, आज दिसलं.”

तिला तातेरावांचा राग आला आणि सात वर्षं मुकाट्यानं ऐकून घेतलं म्हणून स्वतःचा त्याहून जास्त. मग आठ दिवस तिनं तूर घराच्या माळवदावर उन्हात वाळवली. वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो, ओला नुसता दबतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

नवव्या दिवशी तातेराव अंगणात आले. सर्जेराव ओट्यावर बसून गंमत बघत होता. तातेरावांनी पोत्यात हात घातला, दाणा ओठांशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

“आधी चावा,” दुर्गाबाई म्हणाली, “मंग तोंड वाकडं करा.”

शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. तातेरावांचा हात तोंडाशीच अडकला. आता तो खाली नेणंही बरं दिसेना. त्यांनी दाणा चावला.

कट्‌ असा आवाज पार ओट्यापर्यंत ऐकू गेला.